कॉर्कहून हायनिसला: मुलीचा जे-वन उन्हाळा आणि सहीचा एक कागद

लीकाठची | १२ जानेवारी २०२५

नमस्कार. आम्ही गेली १९ वर्षे आयर्लंडमधील कॉर्क शहरात राहतो. थोरली मुलगी दोन वर्षांची असताना इथे आली, इथल्याच शाळेत शिकली, तिचा पासपोर्ट आयरिश आहे आणि तिचे उच्चार तर पुरते कॉर्कचे आहेत. ती हॉटेल व्यवस्थापनाच्या तिसऱ्या वर्षाला होती. गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे २०२४ च्या मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, तिने अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात केप कॉडवरच्या हायनिस गावी एका हॉटेलात १६ आठवडे इंटर्न म्हणून काम केले. पुढच्या उन्हाळ्याची धावपळ आता पुन्हा सुरू झाली आहे आणि ओळखीची दोन-तीन मराठी कुटुंबे मला रोज काही ना काही विचारत आहेत. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

जे-वन हे मुळात एका अमेरिकन व्हिसाचे नाव. १९६१ च्या फुलब्राइट-हेज कायद्याने देवाणघेवाणीची जी योजना उभी राहिली, तिच्यातून हा व्हिसा मिळतो. आयर्लंडमध्ये मात्र ते एका उन्हाळ्याचेच नाव होऊन बसले आहे. 'ती यंदा जे-वनला गेली' एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला सगळे कळते. महाविद्यालयाची सुट्टी, समुद्रकाठचे एखादे गाव, एका खोलीत चौघे, हॉटेलात किंवा आइस्क्रीमच्या दुकानात काम आणि सप्टेंबरमध्ये परत. आमच्या शेजारणीने तरुणपणी हेच केले होते आणि तिच्या मुलानेही हेच केले. मुलीने घरी विषय काढला तेव्हा इथल्या कोणत्याही घरात झाले नसते इतके आश्चर्य फक्त आमच्या घरात झाले.

पण पालकांनी एक फरक आधीच समजून घ्यावा, कारण पुढची सगळी हकीकत त्याच्यावर उभी आहे. जे-वनचे बरेच प्रकार आहेत. बहुतेक आयरिश मुले ज्यावर जातात तो 'समर वर्क ट्रॅव्हल' हा प्रकार जास्तीत जास्त चार महिन्यांचा असतो आणि त्यात हंगामी काम करण्याची मुभा असते. आयरिश मुले पूर्वी तिथे पोचल्यावर काम शोधत. २०१६ पासून निघण्यापूर्वीच काम ठरलेले असावे लागते. दुसरा प्रकार इंटर्नचा. त्यात काम तुमच्या अभ्यासाच्या विषयाचेच असावे लागते, आठवड्याला किमान ३२ तासांचे असावे लागते आणि त्याची आठवड्यांनुसार योजना आधी लिहून द्यावी लागते. त्या कागदाचे नाव डीएस-७००२. त्यावर विद्यार्थी, मालक आणि प्रायोजक संस्था (अमेरिकन सरकारच्या मान्यतेने ही योजना चालवणारी) अशा तिघांच्या सह्या असतात, आणि कोणत्या टप्प्यात काय शिकवणार, कोण शिकवणार आणि मोबदला किती हे त्यात लिहिलेले असते. माझी मुलगी या दुसऱ्या प्रकाराने गेली होती. तिच्या कागदावर हाउसकीपिंगचे तीन आठवडे, स्वागतकक्षाचे पाच, समारंभ आणि मेजवान्यांच्या नियोजनाचे चार आणि हिशेब व दरनिश्चितीचे चार आठवडे होते.

व्हिसाचे शुल्क १८५ डॉलर आणि सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे २२० डॉलर भरले. विमा प्रायोजक संस्थेमार्फत घेतला. मुलाखत डब्लिनला बॉल्सब्रिजमधल्या अमेरिकन दूतावासाच्या गोल इमारतीत झाली. तिथे हक्कांविषयीची एक लहान पुस्तिका मिळाली आणि ती तिने बॅगेत तशीच ठेवून दिली. आम्ही तिला शॅनन विमानतळावर सोडले. शॅननला अमेरिकेची तपासणी विमानात बसण्यापूर्वी, आयर्लंडच्या भूमीवरच होते. मी अजून वाहनतळावर होते, तेवढ्यात तिचा फोन आला की शिक्का बसला, आता मी हिशेबाने अमेरिकेतच आहे. मी गाडीत बसून राहिले. आम्ही भारत सोडताना मागे वळून पाहायला निदान मुंबईचा सबंध विमानतळ होता.

हायनिस हे बार्न्स्टेबल नगरातले एक गाव. बॉस्टनच्या विमानतळावरून थेट बस जाते. वाटेत केप कॉडचा कालवा लागतो. त्यावरून केपवर जायला मोटारींना दोनच पूल आहेत, दोन्ही १९३५ चे, आणि उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्यावर गाड्यांची रीघ लागते. केनेडी कुटुंबाचे घर जवळच्या हायनिस पोर्टला आहे. मुलीने पाठवलेल्या पहिल्या छायाचित्रांत मात्र केनेडी नव्हते. कुंपणाकाठी निळ्या हायड्रेंजियाची झुडुपे होती आणि त्यांच्या खाली तिने फक्त 'अगदी आपल्या वेस्ट कॉर्कसारखी' एवढेच लिहिले होते.

राहायला एका जुन्या घरातली खोली मिळाली. खोलीत चौघी, आणि प्रत्येकीचे आठवड्याला १७५ डॉलर. तिघी आयरिश आणि एक बल्गेरियन. आयरिशांपैकी एक क्लेअर परगण्याची होती. ती समर वर्क ट्रॅव्हलवर आलेली होती आणि एका खाणावळीत वाढपी होती. तिचे नाव लिहीत नाही, पण या हकीकतीत तिचा वाटा मोठा आहे.

पहिले तीन आठवडे हाउसकीपिंग, कागदावर लिहिल्याप्रमाणे. दिवसाला १४ खोल्या. चादरी ओढायच्या, अभ्रे बदलायचे, न्हाणीघर घासायचे, ढकलगाडीत टॉवेल भरायचे. या खात्याची प्रमुख जमैकाची एक बाई होती. ती बरीच वर्षे दर हंगामाला येत होती. गादीचा कोपरा कसा दुमडायचा, कमरेला त्रास न होता कसे वाकायचे, कोणत्या डागाला गरम पाणी लावायचे नाही, हे सगळे तिने शिकवले. मुलीने टॉवेल 'हॉट प्रेस'मध्ये ठेवल्याचे सांगितले तेव्हा ती बाई इस्त्री शोधू लागली होती. आयर्लंडमध्ये गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपड्यांच्या कपाटाला हॉट प्रेस म्हणतात, हे तिथे कोणालाच माहीत नव्हते. मुलगी सांगते की त्या १६ आठवड्यांत तिला सर्वात नीट शिकवणारी व्यक्ती ही बाईच होती. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढच्या तक्रारीचा अर्थ 'चादरी घालणे हलके काम' असा कोणी काढू नये.

तिसरा आठवडा संपला, चौथा संपला, सहावा संपला, तरी मुलगी हाउसकीपिंगमध्येच होती. हॉटेलात माणसे कमी होती. हंगामी कामगारांना लागणारे एच-टू-बी व्हिसे वर्षाला मुळात ६६,०००, आणि केप कॉडची हॉटेले, खाणावळी, बागकामवाले असे सगळेच त्यांच्या रांगेत उभे असतात. ज्या हॉटेलाला मागितलेली माणसे मिळत नाहीत, ते आहेत त्यांच्याकडूनच काम उरकून घेते. अडचण खरी होती. पण ती त्यांची होती आणि भरून मात्र माझी मुलगी काढत होती.

मला हे कळायला उशीर झाला. आमचे बोलणे आठवड्यातून दोनदा व्हायचे. पाच तासांच्या फरकामुळे तिची संध्याकाळ म्हणजे माझी मध्यरात्र. कसे चालले आहे असे विचारले की ती 'ग्रँड' म्हणायची. आयर्लंडमध्ये या शब्दाचा अर्थ 'भव्य' असा नाही. 'ठीक आहे, पुढे विचारू नका' असा आहे. आपल्या 'बरं चाललंय' या उत्तराचा तो सख्खा भाऊ. माझी आई मला दर रविवारी फोनवर विचारायची आणि मी कॉर्कच्या पहिल्या हिवाळ्यात, नोकरी नसताना, तिला हेच दोन शब्द सांगायचे. तरीही मी मुलीचे 'ग्रँड' ओळखले नाही.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी एकदा तिचा आवाज ओला वाटला म्हणून मी खोदून विचारले, तेव्हा तिने सगळे सांगितले. आणि मी तिला काय सांगितले, ते इथे प्रामाणिकपणे लिहिते. मी म्हटले, 'सांभाळून घे. परक्या देशात आहेस, व्हिसा त्यांच्या हातात आहे, शेवटी प्रमाणपत्रही त्यांनीच द्यायचे आहे. दोन महिने राहिलेत, जातील.' आमच्या पिढीने परदेशात जी काही घरे उभी केली ती याच शब्दांवर केली, आणि मला त्या क्षणी तेच शहाणपण वाटत होते.

ती खोलीत परतली तेव्हा क्लेअरच्या मुलीने वेगळेच विचारले. 'तुझ्या कागदावर काय लिहिले आहे?' दोघींनी डीएस-७००२ बाहेर काढला, ती पुस्तिकाही बाहेर काढली, आणि रात्री बसून ओळ न् ओळ वाचली. इंटर्नला अकुशल मजुरीच्या कामावर ठेवता येत नाही, कारकुनी काम २० टक्क्यांहून जास्त देता येत नाही आणि योजनेत बदल करायचा असल्यास प्रायोजकाची संमती लागते. व्हिसा हॉटेलच्या हातात नव्हता. त्यावर देखरेख प्रायोजक संस्थेची होती, आणि तिचा दूरध्वनी क्रमांक पहिल्या दिवसापासून मुलीच्या पाकिटात होता. दुसऱ्या दिवशी तिने आधी व्यवस्थापकांना स्वतः भेटून विचारले. 'पुढच्या आठवड्यात बघू' असे उत्तर मिळाल्यावर तिने संस्थेला आठ ओळींचे पत्र लिहिले. त्यात कोणालाही दोष दिलेला नव्हता. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ती कुठे काम करत होती आणि कागदावर काय होते, एवढेच दोन स्तंभांत मांडले होते.

आठव्या आठवड्याच्या सोमवारी ती स्वागतकक्षात उभी होती. व्यवस्थापक नंतर तिच्याशी वाईट वागले नाहीत. उलट, 'तू काही बोलत नव्हतीस म्हणून आम्ही गृहीत धरले' असे ते म्हणाले. हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. तिला गृहीत धरले जात होते त्याच दिवसांत मी तिला न बोलण्याचा सल्ला देत होते.

स्वागतकक्षाचे आठवडे तिचे सर्वात चांगले गेले. कागदावरचे पाच आठवडे चारच मिळाले आणि पुढच्या दोन टप्प्यांचेही आठवडे घटले, पण शेवटच्या मूल्यमापनात तसे लिहून, तिची सही घेऊनच ते नोंदवले गेले. येणारे पाहुणे तिचे उच्चार ऐकून थबकत. मॅसॅच्युसेट्समध्ये आयरिश मूळ सांगणारी माणसे पदोपदी भेटतात. 'कॉर्कची' असे ती म्हणाली की काहींच्या चेहऱ्यावर क्षणभर गोंधळ दिसे, काही 'मूळची कुठली?' असे पुन्हा विचारत, आणि ती दोन्ही उत्तरे सरळ देई. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मात्र काही विचारले नाही. त्यांची पणजी कॉर्कमधून निघून क्वीन्सटाउन बंदरातून बॉस्टनला आली होती आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी आणि झाडलोट करत राहिली होती. क्वीन्सटाउन म्हणजे आमचे आजचे कोव, घरापासून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत. १८४८ ते १९५० या काळात त्या एका बंदरातून सुमारे २५ लाख माणसे आयर्लंड सोडून गेली. धक्क्यावर ॲनी मूर आणि तिच्या दोन भावांचा पुतळा आहे. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कचे एलिस आयलंड हे स्थलांतरितांचे तपासणी केंद्र उघडले तेव्हा तिथे पहिली नोंद झाली ती या १७ वर्षांच्या मुलीची. मुलीच्या शाळेची सहल तिथे दरवर्षी जायची. त्या गृहस्थांचे बोलणे ऐकल्यावर तिने मला रात्री विचारले, 'आई, त्या बाईंना परत यायची तारीख नव्हती ना?'

जमैकाच्या बाईंना तारीख होती, पण ती दरवर्षी पुन्हा निघायची होती. त्यांची मुले आजीकडे वाढत होती. माझ्या मुलीचा उन्हाळा हा अनुभव होता आणि त्यांचा उन्हाळा हे घराचे वर्षभराचे उत्पन्न होते. एकाच ढकलगाडीला दोघींचे हात होते. हे तिने स्वतः मला सांगितले, मी शिकवलेले नाही.

प्रश्न असतील तर विचारावेत. मला माहीत आहे तेवढे नक्की सांगेन.

---

बॉस्टनवासी | १२ जानेवारी २०२५

ताई, फार नेटके लिहिले आहे. मी बॉस्टनजवळ २२ वर्षे आहे. काही व्यावहारिक गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट कराची. जे-वनवर आलेल्या अनिवासी मुलांच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर यांचे मिळून ७.६५ टक्के कापले जाऊ नयेत. लहान मालकांच्या पगारपत्रकात ते चुकून कापले जातात. पहिल्याच पगाराची पावती तपासावी आणि कापलेले असल्यास मालकाकडेच परत मागावे, कारण नंतर सरकारकडून मिळवणे फार किचकट जाते. केंद्राचा आणि राज्याचा प्राप्तिकर मात्र कापला जातो. त्याचे १०४०-एनआर हे विवरणपत्र पुढच्या वर्षी १५ एप्रिलपर्यंत भरायचे असते. आपल्या मुलीचे अजून राहिले असेल तर हीच वेळ आहे.

दुसरी गोष्ट वेतनाची. मॅसॅच्युसेट्समध्ये १ जानेवारी २०२३ पासून किमान वेतन तासाला १५ डॉलर आहे, पण बक्षिशी मिळणाऱ्या वाढप्यांना मालकाने ६.७५ डॉलर दिले तरी चालते. बक्षिशी धरून १५ भरले नाहीत तर उरलेली रक्कम मालकाने द्यायची असते. हे आयर्लंडहून आलेल्या मुलांना ठाऊक नसते, कारण तिथे बक्षिशी ही पगाराचा भाग नसते.

तिसरी आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट सायकलीची. केपवरच्या बसगाड्या रात्री मिळत नाहीत म्हणून ही मुले काम संपल्यावर अंधारात सायकलीने परततात. त्यातून आयर्लंडमध्ये वाहने डावीकडून चालतात आणि इथे उजवीकडून. रात्री पुढे पांढरा दिवा आणि मागे लाल दिवा व परावर्तक, हे इथे कायद्यानेच आवश्यक आहे. आईवडिलांनी प्रवासाच्या बॅगेत दुसरे काही घातले नाही तरी चालेल, दिवे घालावेत.

---

स्पष्ट_मत | १३ जानेवारी २०२५

लेख मनापासून लिहिलेला आहे, तरी एक प्रश्न विचारावासा वाटतो. ज्या योजनेला सांस्कृतिक देवाणघेवाण म्हटले जाते, तिचा प्रत्यक्ष उपयोग पर्यटनस्थळांना उन्हाळ्यापुरते स्वस्त आणि उत्साही मनुष्यबळ पुरवणे एवढाच होत नाही का? आपल्या मुलीजवळ कागद होता, वाचणारी मैत्रीण होती आणि परत यायला घर होते. ज्या देशांतली मुले कर्ज काढून दलालामार्फत येतात त्यांनी हे पत्र कसे लिहावे?

---

लीकाठची | १३ जानेवारी २०२५

@बॉस्टनवासी, आभार. हॉटेलाने खरोखरच पहिल्या दोन पगारांतून ती कपात केली होती. मुलीने दाखवून दिल्यावर ती परत मिळाली. दिव्यांविषयी आपण लिहिले ते मोलाचे आहे. माझ्या हे लक्षात आले नव्हते. तिने तिथे पोचल्यावर जुनी सायकल घेतली आणि क्लेअरच्या मुलीने तिला दिवे आणून दिले.

@स्पष्ट_मत, आपला प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. मनुष्यबळाची गरज नसती तर त्या गावात इतक्या मुलांना कोणी बोलावले नसते, हे खरे आहे. खोलीतल्या बल्गेरियन मुलीने येण्यासाठी घरच्यांकडून उसने पैसे घेतले होते. ती दोन ठिकाणी काम करत होती आणि तिला तक्रारीचा विचारसुद्धा परवडत नव्हता. म्हणूनच मला वाटते की नियम असणे आणि तो वापरता येणे यांत मोठे अंतर आहे. समर वर्क ट्रॅव्हलमध्ये कोणती कामे देऊ नयेत याची यादीच आहे. खाजगी घरातले घरकाम नाही, रात्री १० ते सकाळी ६ या वेळात मुख्यतः पडणारी पाळी नाही, एवढेच काय तर सायकलरिक्षा चालवणेही नाही. प्रायोजकाने दर महिन्याला प्रत्येक मुलाशी संपर्क ठेवायचा असतो. या गोष्टी कोणाच्या तरी वाईट अनुभवांतूनच नियमांत आल्या असणार. मी हा धागा काढला तो योजनेची भलामण करण्यासाठी नाही. जी मुले जाणारच आहेत त्यांच्या हातात कागद वाचलेला असावा, एवढ्यासाठी काढला आहे.

---

नाशिककर_पालक | १४ जानेवारी २०२५

माझा मुलगा डब्लिनला एम.एस्सी. करतो आहे. तो भारतीय पारपत्रावर, स्टँप टूवर म्हणजे विद्यार्थ्यांच्या आयरिश परवान्यावर आहे. त्यालाही असे जाता येईल का? की उन्हाळ्यात आयर्लंडमध्येच काम करणे बरे? आम्हाला इथे बसून काहीच समजत नाही.

---

शॅननकाठ | १४ जानेवारी २०२५

मी लिमरिकला विद्यार्थ्यांच्या सल्ला कक्षात काम करते, म्हणून उत्तर देते. जे-वन इंटर्न हा प्रकार नागरिकत्वावर अवलंबून नाही. अमेरिकेबाहेरच्या पदवी देणाऱ्या संस्थेत शिकत असणे, किंवा तिथून पदवी घेऊन १२ महिने झालेले नसणे, ही मुख्य अट आहे. त्यामुळे आपल्या मुलाला अर्ज करता येतो. मात्र परत येताना त्याची आयर्लंडमधली परवानगी चालू असली पाहिजे, आणि एम.एस्सी.च्या उन्हाळ्यात बहुधा प्रबंध असतो, हे आधी पाहावे.

आयर्लंडमध्येच राहायचे असल्यास, स्टँप टूवर सत्रात आठवड्याला २० तास आणि जून ते सप्टेंबर, तसेच १५ डिसेंबर ते १५ जानेवारी या काळात ४० तास काम करता येते. पदव्युत्तर पदवीनंतर स्टँप वन-जीवर दोन वर्षांपर्यंत राहून पूर्णवेळ नोकरी शोधता व करता येते. बहुतेक भारतीय मुलांना हाच मार्ग जास्त उपयोगी पडतो.

जुन्या माहितीमुळे एक भीती अजून पसरते, ती दूर करते. जे-वनवर गेलेल्या काही भारतीयांना नंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागत असे, कारण भारत अमेरिकेच्या कौशल्यसूचीत (कोणत्या देशाला कोणती कौशल्ये मायदेशी हवी आहेत याच्या यादीत) होता. ९ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या सूचीतून भारताचे नाव वगळले आहे. सरकारी निधीवर गेलेल्यांचे नियम वेगळे आहेत.

---

खाडीपलीकडे | १५ जानेवारी २०२५

मी २०१५ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत राहत होतो. जे-वन आणि आयर्लंड हे शब्द एकत्र वाचले की मला १६ जूनची ती सकाळ आठवते. मध्यरात्रीनंतर एका इमारतीचा सज्जा कोसळला आणि सहा तरुण मुले गेली, सात जखमी झाली. वाढदिवसाला जमलेले ते बहुतेक आयरिश विद्यार्थी उन्हाळ्यापुरते आलेले होते. सज्जाच्या लाकडी तुळयांत पाणी मुरून त्या आतून कुजल्या होत्या. वरून काही दिसत नव्हते. त्या आठवड्यात रस्त्यावर जमलेल्या फुलांजवळून मी रोज कामाला जात असे. पुढे २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाने तीन किंवा अधिक सदनिकांच्या इमारतींतल्या अशा सज्जांची ठरावीक काळाने तपासणी सक्तीची केली. त्यासाठी मृतांच्या घरच्यांनी आणि समुद्रापलीकडून आलेल्या एका जखमी मुलीने साक्षी दिल्या होत्या.

लेखात घराचा उल्लेख दोन ओळींत आला आहे. खोलीत चौघी, जुने घर. पालकांनी कामाचा कागद वाचावा, तसेच राहण्याची जागाही विचारून घ्यावी असे वाटते.

---

लीकाठची | १५ जानेवारी २०२५

@खाडीपलीकडे, आपण लिहिलेत हे बरे केलेत. आयर्लंडमध्ये तो दिवस कोणी विसरलेले नाही. मुलगी तेव्हा प्राथमिक शाळेत होती. गेल्या वर्षी तिने जायचे ठरवले तेव्हा आमच्या शेजारणीने मला पहिली गोष्ट हीच सांगितली की 'तिला सज्जावर गर्दी करू नको म्हणावे'. शेजारणीच्या मुलाच्या वर्गातला एक मित्र त्या उन्हाळ्यात तिकडेच, दुसऱ्या घरात राहत होता. मी घराविषयी दोन ओळी लिहिल्या कारण विचारायला हवे होते तितके मी विचारले नव्हते. छायाचित्रे मागवली ती फक्त स्वयंपाकघराची. आगीची सूचना देणारे यंत्र आहे का, बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, खोलीत किती जणांना परवानगी आहे, हे सारे आता मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

---

देवबागकर | १६ जानेवारी २०२५

मी मालवणात असतो. आमच्या तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरांचा मुलगा लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला, तेव्हा आयर्लंड म्हणजे काय ते इथे पहिल्यांदा घरोघर बोलले गेले. त्या देशाने आपली इतकी माणसे बाहेर पाठवली हे मात्र आज कळले. कोकणाने मुंबईला माणसे पाठवली, गणपतीला ती परत येत, आणि मनिऑर्डर आली की पोस्टमनला चहा मिळे. माझे आजोबा गिरणीत होते. त्यांच्या प्रत्येक पत्रात 'मी खुशाल आहे' असे असायचे. ते शेवटची दोन वर्षे आजारी होते, हे घरी कोणाला माहीत नव्हते.

एक विचारतो. तुमच्या मुलीने नुसते काम आणि तक्रारच केली का? काही मजा केली की नाही?

---

लीकाठची | १६ जानेवारी २०२५

@देवबागकर, आपल्या आजोबांविषयी वाचून काही वेळ मी काहीच लिहू शकले नाही.

मजा पुष्कळ केली. संध्याकाळी गावच्या मैदानावर केप कॉड लीगचे बेसबॉलचे सामने असतात. ते फुकट असतात आणि लोक घरून खुर्च्या घेऊन येतात. खेळणारी मुले देशभरातल्या महाविद्यालयांतून उन्हाळ्यापुरती येतात आणि गावातल्या कुटुंबांकडे राहतात. आपल्यासारखीच तीही पाहुणी आहेत, असे मुलीला वाटे. खेळ तिला आधी समजेना. वडिलांनी फोनवर क्रिकेटवरून समजावला, क्लेअरच्या मुलीने हर्लिंग या काठी-चेंडूच्या आयरिश खेळावरून, आणि ती म्हणते की हर्लिंगचाच उपयोग जास्त झाला. एका रविवारी नावेतून देवमासे पाहून आली. समुद्रात पोहली, पण सीलमागून मोठे शार्क येतात म्हणून कमरेपेक्षा खोल पाण्यात गेली नाही. अटलांटिक तोच, पण कॉर्कच्या बाजूने थंडीची भीती आणि त्या बाजूने शार्कची.

२१ जुलैला हर्लिंगचा अखिल आयर्लंड अंतिम सामना होता, आणि तो नेमका कॉर्क विरुद्ध क्लेअर असा निघाला. डब्लिनला दुपारचे साडेतीन, तिकडे सकाळचे साडेदहा. दोघींनी पाळी बदलून घेतली आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर फोन साखरेच्या डब्याला टेकवून सामना पाहिला. एक कॉर्कच्या लाल सदऱ्यात, दुसरी क्लेअरच्या पिवळ्या-निळ्या सदऱ्यात. बल्गेरियन मुलगी मधे बसून गुण मोजत होती. हर्लिंगमध्ये गोलाचे तीन गुण धरतात. सामना जादा वेळेत गेला आणि क्लेअर ३८, कॉर्क ३७, अशा एका गुणाने संपला. मी इथे घरी ओरडत होते आणि फोनवर तिकडची ओरड ऐकू येत होती. माझी मुलगी रडली, मग दुसरीने तिला मिठी मारली आणि तिच्यासाठी बॅरीजचा चहा केला. त्याची ८० पिशव्यांची खोकी मीच इथून पाठवली होती.

---

नाशिककर_पालक | १८ जानेवारी २०२५

शॅननकाठ ताईंचे आभार. मुलाशी काल बोललो. तो यंदा प्रबंधच पूर्ण करणार आहे. लीकाठची ताई, शेवटचा एक प्रश्न. यंदा मुलगी पुन्हा जाणार आहे का?

---

लीकाठची | १८ जानेवारी २०२५

नाही, यंदा तिची शेवटची परीक्षा आहे. क्लेअरची मुलगी मात्र पुन्हा चालली आहे, त्याच गावी. सायकल तिच्या ओळखीच्या एका घराच्या मागच्या पडवीत ठेवलेली आहे, दोन्ही दिव्यांसह. ती यंदा कोणाच्या तरी उपयोगी पडणार आहे. कॉर्कहून या वर्षी जाणाऱ्या दोन मुली रविवारी आमच्याकडे आपापले डीएस-७००२ घेऊन येणार आहेत. मुलगी त्यांच्याबरोबर बसणार आहे. मी पोहे करणार आहे.